सैंधवात सोडियम नसतं? साफ खोटं!

‘बीपीवाल्यांसाठी झणझणीत, मलईदार, झिरो-सोडियम सॅलड ड्रेसिंग’ या नावाचा मेसेज नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या आत्याबाईंच्या फोनवर आला, आणि बीपीची गोळी चालू असताना त्या काकडी-टमाटरावर हे ड्रेसिंग रोज ओतून घेऊ लागल्या. म्हणून हे लिहितोय.

मेसेज म्हणतो: मेयोनीजऐवजी एक वाटी चक्का, लसूण, लाल मिरची आणि दोन चमचे सैंधव. सैंधवात सोडियम नसतं, म्हणून हवं तेवढं घाला. वरून लोणच्याचा खार आणि चाट मसाला. किडनीचा त्रास असेल तर सैंधवाऐवजी लो-सोडियम मीठ.

सैंधव म्हणजे खाणीतलं मीठ. तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं. गुलाबी रंग येतो तो लोहाच्या किंचित अंशामुळे. त्यानं सोडियम पळून जात नाही. मिठाच्या वजनात साधारण 40 टक्के सोडियम असतं. दोन चमचे म्हणजे अंदाजे 10 ग्रॅम, म्हणजे त्या एका वाटीत जवळपास 4 ग्रॅम सोडियम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसात 2 ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यायला सांगते, आणि त्यात वरण, भाजी, पोळी, पापड सगळं आलं. चौघांनी ती वाटी वाटून घेतली तरी दिवसाचा जवळपास निम्मा कोटा कोशिंबिरीतच संपला! याला झिरो-सोडियम म्हणायला जीभ कशी रेटते?

आयुर्वेदात सैंधवाला मिठांमध्ये वरचा मान आहे, हे खरं. पण मान असणं वेगळं आणि सोडियम नसणं वेगळं. शिवाय पुष्कळ सैंधवात आयोडीन मिसळलेलं नसतं, हे मेसेजवाले सांगत नाहीत.

लोणच्याचा खार म्हणजे मिठाचंच पाणी. चाट मसाल्याच्या पुड्यावरची घटकांची यादी वाचा, मीठ आणि काळं मीठ सापडेल.

सगळ्यात धोक्याचं वाक्य मात्र किडनीचं आहे. लो-सोडियम मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घालतात. अशक्त किडनीला जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही, ते रक्तात वाढतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. बीपीच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम चढतं. 2025 च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेनं अशा मिठाची शिफारस केली, पण किडनीचे रुग्ण, गरोदर बाया आणि मुलं यांना वगळून. हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय डब्यात भरू नका.

मेयोनीजऐवजी चक्का, हे तेवढं बरोबर सांगितलंय. दह्यात मुळातच सोडियम कमी असतं.

आत्याबाईंना आता असं करून देतो: भिवापुरी मिरच्या गरम पाण्यात मऊ होईस्तोवर भिजवायच्या. लसूण ठेचून लिंबाच्या रसात दहा मिनिटं ठेवायचा, उग्रपणा जातो. दोन्ही भाजलेल्या तिळासोबत बारीक वाटायचं, घरी बांधलेल्या चक्क्यात घोटायचं आणि संत्र्याच्या रसानं सैल करायचं. जिरेपूड, कोथिंबीर. मिरची जरा जास्तच घाला, कारण चक्क्यात तिखट दबतं. मीठ घालायचंच असेल तर पूर्ण वाटीला चिमूटभर, तेही वाढताना. फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा.