‘वेळमर्यादा शून्य करा’ हा सल्ला का फसतो

पुण्यात छोट्या संस्थांची संकेतस्थळे सांभाळणाऱ्या आमच्यासारख्यांमध्ये एक संदेश सतत फिरत असतो. त्याचा आशय असा: पीएचपी या संकेतस्थळांच्या भाषेतली स्क्रिप्ट (सर्व्हरवर चालणारा छोटा प्रोग्रॅम) मध्येच तुटत असेल, तर सुरुवातीला वेळमर्यादा काढून टाकणारी सेट_टाइम_लिमिट(०) ही ओळ लिहा, म्हणजे काम तासभरही चालेल, ब्राउझर बंद झाला तरी ते थांबू नये म्हणून इग्नोर_यूजर_अबॉर्ट जोडा, कामांची रांग (कामे आधी नोंदवून मागाहून एकेक करणे) वगैरे मोठ्या कंपन्यांचे चोचले आहेत, आणि फारच वाटले तर क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप सुरू करणारी सोय, लावा.

पहिला दावा स्वतःच्या संगणकावर खरा ठरतो, आणि गैरसमजाचे मूळ तिथेच आहे. पीएचपीची मूळ मर्यादा ३० सेकंदांची असते. विंडोजवर हे घड्याळ प्रत्यक्ष वेळ मोजते, त्यामुळे झॅम्पवर (स्वतःच्याच संगणकावर सर्व्हर उभा करणारा संच) चाचणी घेताना स्क्रिप्ट तुटते आणि ती एक ओळ लिहिताच चालू लागते. लिनक्सच्या सर्व्हरवर मात्र डेटाबेसच्या किंवा मेल सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहण्यात गेलेला वेळ या ३० सेकंदांत साधारणतः धरलाच जात नाही. म्हणजे तिथे काम तोडणारे घड्याळ बहुधा दुसरेच असते. पीएचपीच्या पुढे उभा राहून ब्राउझरच्या विनंत्या घेणारा एन्जिन-एक्स हा वेब सर्व्हर, मूळ मांडणीत, पीएचपीकडून ६० सेकंद काहीच आले नाही तर ५०४ (उत्तर वेळेत आले नाही) ही त्रुटी दाखवून मोकळा होतो. होस्टिंगवाल्याने एफपीएममध्ये (पीएचपीच्या प्रक्रिया चालवणारी यंत्रणा) विनंतीची कमाल मुदत घातली असेल, तर ती संपताच प्रक्रियाच मारली जाते. या दोन्ही घड्याळांना आपण लिहिलेल्या ओळीची गंधवार्ताही नसते.

ब्राउझर बंद झाला तरी काम चालू ठेवण्याची दुसरी सूचना चुकीची नाही, पण तिचे परिणाम कोणी सांगत नाही. सदाशिव पेठेतील एका वाचनालयासाठी वार्षिक वर्गणीच्या पावत्या ईमेलने पाठवण्याचे बटण मी याच पद्धतीने केले होते. ग्रंथपालबाईंना ५०४ दिसले, त्यांनी साहजिकच पुन्हा बटण दाबले, आणि आधीची स्क्रिप्ट आत निमूटपणे चालूच असल्याने कित्येक सभासदांना दोन-दोन पावत्या गेल्या. (दोष माझा, बाईंनी जे केले तेच कोणीही केले असते.) शिवाय सत्राची फाइल (लॉग-इन केलेल्या व्यक्तीची माहिती ठेवणारी) चालू स्क्रिप्टने कुलूपबंद ठेवल्यामुळे त्यांची इतर पानेही उघडेनात. एफपीएमला पाचच प्रक्रियांची मुभा असेल, तर अशी पाच कामे सुरू होताच संकेतस्थळ सर्वांसाठीच ठप्प होते.

रांग हे चोचले नव्हे. काम, स्थिती, प्रयत्नांची संख्या आणि सुरू झाल्याची वेळ एवढे रकाने असलेला एक तक्ता तिला पुरतो. बटण दाबल्यावर त्यात नोंदी करायच्या, लगेच ‘काम स्वीकारले’ असे उत्तर द्यायचे आणि प्रगती त्याच तक्त्यातून दाखवायची. प्रत्यक्ष काम ब्राउझरशिवाय, थेट सर्व्हरच्या कमांड लाइनवरून चालणाऱ्या स्क्रिप्टने करायचे, जिथे पीएचपीची वेळमर्यादा मुळातच शून्य असते.

क्रॉनचा सल्ला अर्धा बरोबर आहे. तो दर मिनिटाला स्क्रिप्ट सुरू करील, पण आधीची फेरी संपली की नाही हे पाहणार नाही. दोन फेऱ्या एकाच वेळी चालू नयेत म्हणून एफलॉक या आज्ञेने कुलूप लावावे लागते. वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या प्रणालीचे स्वतःचे क्रॉन तर मुळात कोणी पान उघडल्यावरच जागे होते, त्यामुळे रात्री कोणी फिरकलेच नाही तर रात्रीचे काम सकाळपर्यंत पडून राहते. महत्त्वाचे म्हणजे, ‘पावत्या पाठवा’ अशी एकच नोंद न करता प्रत्येक पावतीची वेगळी नोंद हवी. तरच अडीचशेव्या पावतीवर सर्व्हर बंद पडल्यास पुढची फेरी तिथूनच सुरू होते. ईमेल गेला आणि नोंद बदलण्याआधीच वीज गेली, तर तेवढी एक पावती तरीही दुबार जाईल. वाचनालयाला ते चालते. पैसे वळते करायचे असतील, तर प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक देऊन तोच क्रमांक पुन्हा आल्यास समोरच्या यंत्रणेने तो नाकारावा, अशी सोय आधी करावी लागते.