फ्रीजचा गॅस ‘संपत’ नसतो

मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर उन्हाळा लागला की एक मेसेज फिरू लागतो. ‘मेकॅनिकला फोन करण्याआधी हे वाचा’ असा त्याचा मथळा. आत म्हटलेलं थोडक्यात असं: थंडावा कमी झाला म्हणजे गॅस संपला, तो दर तीन वर्षांनी भरावाच लागतो. छोटा डबा मागवून तो घरीही भरता येतो. ‘टक्’ असा आवाज येत राहिला की कॉम्प्रेसर गेला. बर्फ साचला तर सुरीने हलक्या हाताने खरवडा. बाजूचे पत्रे तापले तर आत शॉर्ट आहे. रात्री फ्रीज बंद ठेवा, बिल निम्मं येईल. आणि शेवटी, मागची जाळी पुसत जा. यातलं शेवटचं वाक्य तेवढं बरोबर आहे.

‘गॅस’ या शब्दानेच अर्धा घोळ केला आहे. स्वयंपाकाचा गॅस जळतो म्हणून संपतो. फ्रीजमधला जळत नाही, फिरतो. कॉम्प्रेसर, उष्णता बाहेर टाकणारी मागची जाळी, फिल्टर, केसासारखी बारीक नळी (कॅपिलरी), फ्रीजरची नळी आणि परत कॉम्प्रेसर असा तो बंद फेरा आहे. सगळे सांधे डाग देऊन बंद केलेले असतात, त्यामुळे भरलेले ग्रॅम वीस वर्षांनीही तेवढेच राहतात. कमी झाले तर नळीला कुठेतरी भोक आहे. ते न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार आणि तीन वर्षांनी नव्हे, तीन आठवड्यांतही जाऊ शकतो. ‘दर तीन वर्षांनी भरावा लागतो’ हा समज बहुधा अशाच न बुजवलेल्या भोकांतून आलेला आहे.

गॅस खरंच गेला आहे का, याचा अंदाज घरी बांधता येतो. आधी मोजा. पेलाभर पाण्यात थर्मामीटर घालून तो मधल्या फळीवर रात्रभर ठेवा. सकाळी ३ ते ५ अंश दिसले तर फ्रीज ठीक आहे. फ्रीजरमध्ये उणे १८ च्या आसपास हवं. सिंगल डोअर फ्रीजमध्ये गॅस कमी असेल तर कॉम्प्रेसर न थांबता चालतो, मागची जाळी जेमतेम कोमट लागते आणि फ्रीजरच्या एकाच कोपऱ्यात पांढरं दव धरतं, बाकी पत्रा कोरडा. मात्र कॅपिलरी तुंबली तरी चित्र साधारण असंच दिसतं, तेव्हा ‘गॅस’ असा निकाल इथेही लगेच देऊ नये.

डबल डोअर, म्हणजे फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये या मेसेजमुळे सर्वांत जास्त पैसे वाया जातात. वर आइस्क्रीम घट्ट आहे आणि खाली दूध नासतंय, ही नेहमीची तक्रार. गॅस नसता तर वरही घट्ट झालं नसतं. या फ्रीजमध्ये थंडी एकाच ठिकाणी तयार होते, फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड असलेल्या नळीच्या वेटोळ्यावर (कॉइल). तिथला पंखा ती खाली ढकलतो. त्या कॉइलवर जमणारं दव वितळवायला एक हीटर असतो, तो दिवसातून दोन-तीनदा चालू होतो. हीटर चालला नाही की कॉइलचा बर्फाचा ठोकळा होतो, हवेची वाट बंद होते आणि आधी खालचा कप्पा गरम पडतो.

याची परीक्षा फुकट आहे. सगळं बाहेर काढा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवून खाली जुने टॉवेल टाका आणि २४ तास तसंच राहू द्या. पुन्हा चालू केल्यावर फ्रीज आठवडाभर उत्तम चालला आणि मग परत तीच तक्रार आली, तर दोष दव वितळवणाऱ्या (डीफ्रॉस्टच्या) वाटेवर आहे. निघून गेलेला गॅस एका दिवसाच्या विश्रांतीने परत येत नाही. (याआधी एक साधी गोष्ट बघा. बाजारातून आणलेल्या पिशव्या फ्रीजरच्या मागच्या झरोक्यांना टेकून कोंबल्या असतील तरी खाली हवा जात नाही.)

मल्टिमीटर वापरता येत असेल तर पुढचं घरी तपासता येतं. मीटर लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात काही शे रुपयांत मिळतो. प्लग काढलेलाच असू द्या. फ्रीजरचं मागचं पॅनेल स्क्रू काढून सोडवा. हीटरच्या दोन टोकांमधला रोध मोजा. किती यायला हवा ते २३० चा वर्ग भागिले हीटरचे वॅट असं काढा: १५० वॅटला साधारण ३५० ओहम, २०० वॅटला २६५. मीटर जोडच दाखवत नसेल तर हीटर तुटला. त्याच्याच वाटेवर थर्मल फ्यूज (फार तापलं की वीज तोडणारा) असतो, त्याने जवळपास शून्य दाखवायला हवं. उडाला असेल तर त्याच रेटिंगचा नवा लावा. वायर जोडून ‘डायरेक्ट’ कधीही करू नका, कारण हीटर अडकून चालू राहिला तर प्लॅस्टिक वितळण्याआधी त्याला तोडणारं दुसरं काही तिथे नसतं.

तिसरा भाग बायमेटल, म्हणजे तापमानाप्रमाणे जोडणारा-तोडणारा छोटा स्विच, आणि इथे चांगले चांगले फसतात. बायमेटल थंडीत जोडलेलं असतं आणि १० ते १५ अंशांच्या आसपास सुटतं. टेबलावर ठेवून मोजलं तर ते तुटलेलंच दिसणार. बर्फात मीठ घालून त्यात (प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून) दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि मग मोजा. तरीही जोड दिसला नाही तरच बदला. हे तिन्ही ठीक निघाले तर उरतो हीटरची वेळ ठरवणारा टायमर. त्याची दांडी स्क्रूड्रायव्हरने हळू फिरवली की ‘खट’ होऊन तो डीफ्रॉस्टवर जातो. नव्या मॉडेलांत टायमरच्या जागी बोर्ड आणि सेन्सर असतात, तिथे घरचं काम संपलं.

आता घरी गॅस भरायचा सल्ला. फ्रीजच्या मागचं किंवा आतलं लेबल वाचा. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक घरगुती फ्रीजवर आर-६००ए असं लिहिलेलं असतं आणि पुढे ग्रॅम: ३०, ४५, फार तर साठ-सत्तर. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद. फरक एवढाच की सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम घातलेला वास याला नसतो. हवेत १.८ टक्के मिसळला की तो पेट घेऊ शकतो. १९० लिटरच्या बंद फ्रीजमध्ये एवढं प्रमाण व्हायला जेमतेम ८ ग्रॅम पुरतात. हवेपेक्षा दुप्पट जड असल्यामुळे तो जमिनीलगत पसरतो. मुंबईच्या स्वयंपाकघरात फ्रीज आणि शेगडी यांत हातभर अंतर असतं, तेव्हा हा प्रयोग तिथे करायचा नाही. आर-१३४ए या न जळणाऱ्या गॅसच्या फ्रीजमध्ये ‘स्वस्त पडतो’ म्हणून ज्वलनशील गॅस भरणं त्याहून वाईट, कारण त्या फ्रीजचे स्विच आणि थर्मोस्टॅट ठिणगी बाहेर पडू नये अशा बेताने बनवलेले नसतात.

‘थोडा जास्त भरला तर थंडी वाढते’ असंही लोक म्हणतात, ते तर उलटंच आहे. जास्त गॅस म्हणजे फ्रीजरच्या नळीतला दाब जास्त, आणि दाब वाढला की तिथलं तापमानही वाढतं. परतीच्या नळीवर पार कॉम्प्रेसरपर्यंत दव धरतं, द्रवरूप गॅस आत शिरून तेल धुऊन नेतो आणि चांगला कॉम्प्रेसर बसतो. ४० ग्रॅमच्या फ्रीजमध्ये १० ग्रॅमची चूक म्हणजे पाव हिस्सा. हे आवाजावर किंवा हाताने नळी चाचपून जमत नाही.

गळती खरोखर असेल तर प्रशिक्षित माणूस बोलवा, पण त्याने काय केलं ते बघा. गळतीची जागा त्याने दाखवली पाहिजे. नायट्रोजनचा दाब देऊन सांधे साबणाच्या फेसाने तपासले पाहिजेत. फिल्टर नवा लावला पाहिजे, एकदा हवा लागलेला जुना फिल्टर ओल धरून बसतो. व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास चालला पाहिजे, नाहीतर आत राहिलेला पाण्याचा अंश कॅपिलरीच्या तोंडाशी गोठतो आणि फ्रीज थोडा वेळ चालून अडतो. आणि गॅस काट्यावर तोलून, लेबलवरच्या ग्रॅमांइतकाच भरला पाहिजे. पंप आणि काटा न आणता दहा मिनिटांत ‘टॉप अप’ करून देणाऱ्याला दारातूनच नमस्कार करावा.

‘टक्’ आवाजाकडे येऊ. कॉम्प्रेसर गुणगुणतो, काही सेकंदांत टक् होऊन थांबतो, दोन-चार मिनिटांनी पुन्हा तेच. तो टक् ओव्हरलोडचा आहे. सुरू न होणाऱ्या मोटरला जळण्यापासून तो वाचवतोय. मोटर सुरू का होत नाही, याची पहिली संशयित वस्तू म्हणजे कॉम्प्रेसरच्या बाजूला टोपीखाली बसवलेला रिले, म्हणजे मोटरला सुरू व्हायला मदत करणारा भाग. प्लग काढा, कपॅसिटर असेल तर त्यात साठलेली वीज उतरू द्या, टोपीची क्लिप सोडवा आणि रिले सरळ ओढून काढा. हलवून बघा. आत खुळखुळलं तर आतली चकती फुटली, रिले बदला. ओव्हरलोडसकट हा भाग काही शे रुपयांचा आहे आणि कॉम्प्रेसर काही हजारांचा. जुना रिले दुकानात दाखवून तसाच घ्या.

रिले काढलाच आहे तर कॉम्प्रेसरच्या तिन्ही पिनांमधला रोध मोजून घ्या. तीन जोड्यांपैकी सर्वांत मोठा आकडा हा उरलेल्या दोन आकड्यांची बेरीज यायला हवा. मग प्रत्येक पिन आणि रंग खरवडलेली तांब्याची नळी यांत मोजा, तिथे जोड दिसता कामा नये. बेरीज जुळली आणि बॉडीला जोड नसेल, तर मोटरमधल्या तारांची गुंडाळी (वायंडिंग) शाबूत आहे. इन्व्हर्टर फ्रीजला (ज्यात मोटरचा वेग बोर्ड ठरवतो) मात्र हे लागू नाही. तिथे तिन्ही आकडे जवळपास सारखे येतात, असा रिलेही नसतो, आणि बोर्डावरचे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ ३०० व्होल्टच्या वर धरून ठेवतात. बोर्डाचा तो डबा उघडू नका.

रिले ठीक, वायंडिंग ठीक, तरी टक्? सॉकेट बघा. जुन्या चाळींत आणि इमारतींत बारीक वायरीवर एक्स्टेन्शन, त्याच्यावर मिक्सर आणि फ्रीज, अशी मांडणी असते. मोटर सुरू होताना लागणारा जास्तीचा करंट त्या वायरीतून येत नाही. फ्रीज थेट भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटला लावून बघा. वीज गेल्यावर लगेच चालू केला तरीही टक् होतं, कारण आतला दाब समान व्हायला चार-पाच मिनिटं लागतात. तो बिघाड नाही.

सुरीचा सल्ला मेसेजमधला सर्वांत महागडा. सिंगल डोअरच्या फ्रीजरचा पत्रा म्हणजेच नळी आहे. ॲल्युमिनियमचे दोन पातळ थर, मध्ये गॅसची वाट. सुरीचं टोक घुसलं की फुस्स. हा चौथा मुद्दा पाळलात तर पहिला खरा ठरेल. बर्फाचा थर पाच-सहा मिलिमीटर झाला की रात्री थर्मोस्टॅटच्या मधलं डीफ्रॉस्टचं बटण दाबा. घाई असेल तर प्लग काढून आत फडक्यावर गरम पाण्याचं पातेलं ठेवा आणि सुटलेले तुकडे हाताने किंवा लाकडी उलथन्याने उचला.

बर्फ वारंवार होत असेल तर दाराचं रबर बघा. जून ते सप्टेंबरची मुंबईची दमट हवा फटीतून आत शिरते आणि थेट बर्फ होऊन बसते. दारात कागदाची पट्टी धरून बंद करा आणि ओढा. सहज निघाली तर तिथे फट आहे. असं चारही बाजूंना, हातभर अंतराने करा. रबराच्या घडीतली काळी बुरशी साबणाच्या कोमट पाण्याने काढा. वाकलेला भाग गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेकून बोटांनी सरळ करा. पुढचे पाय अर्धा-एक फेरा फिरवून फ्रीजची पुढची बाजू किंचित उंच केली की दार आपोआप मिटतं.

बाजूचे पत्रे गरम लागतात, कारण मागे जाळी न दिसणाऱ्या फ्रीजमध्ये त्या जाळीचीच नळी पत्र्याआड बसवलेली असते. दाराच्या चौकटीतूनही ती फिरवतात, म्हणजे तिथे घाम धरत नाही. गरम म्हणजे काम चालू आहे. झिणझिण्या येत असतील तर ती वेगळी गोष्ट: प्लग काढा आणि अर्थिंग तपासून घ्या. त्या पत्र्यांना स्क्रू मारू नका आणि जाड कव्हरने ते झाकू नका.

रात्री बंद ठेवून बिल निम्मं होत नाही. रात्रभर आत शिरलेली उष्णता सकाळी कॉम्प्रेसरलाच बाहेर काढावी लागते. मधल्या काळात दूध आणि कोळंबी ५ अंशांच्या वर चारेक तासांहून जास्त राहते, ते नुकसान निराळं.

आणि जाळी. सहा महिन्यांतून एकदा प्लग काढून, फ्रीज पुढे ओढून, मऊ ब्रशने वरून खाली धूळ झाडा. ओलं फडकं नको. भिंतीपासून चार बोटं तरी अंतर ठेवा. समुद्राजवळच्या घरांत खाऱ्या हवेने लोखंडी नळीला गंज धरतो. तांबूस ठिपके दिसले तर नुसते पुसून वर गंजरोधक रंगाचा हात द्या, पॉलिश पेपरने घासू नका. गंजून पातळ झालेली नळी घासताना फुटते.