चर्चास्थळ जगवा, एक अक्षरही न लिहिता

आंतरजालावरच्या मराठी चर्चास्थळांना घरघर लागली आहे आणि त्याचं तुम्हाला मनापासून वाईट वाटतं, तर आधी अभिनंदन. निम्मं काम इथेच झालं. उरलेलं निम्मं म्हणजे हे वाईट वाटणं योग्य ठिकाणी जाहीर करणं. योग्य ठिकाण अर्थातच फेसबुक. 'पूर्वी आंतरजालावर काय सकस चर्चा व्हायच्या!' एवढं वाक्य टाका आणि सोबत पावसाळी सिंहगडाचा फोटो लावा. संबंध नसेना का, फोटो असला की पोस्ट जरा वर राहते. बदाम येतील, 'अगदी मनातलं बोललात' येईल, चार जुने आयडी, म्हणजे टोपणनावानं लिहिणारे सदस्य, एकमेकांना 'अरे तू इथे?' म्हणून भेटतील. त्याच वेळी खुद्द चर्चास्थळावर कोपऱ्यात 'सध्या ३ सदस्य आणि २१८ पाहुणे हजर आहेत' असं दिसत असेल. त्या पाहुण्यांत तुम्ही आहात. बाकीचे बहुतेक यंत्रमानव आहेत, पण तेही नियमित येतात, हे विसरू नका.

लॉगिन न करता वाचणं ही साधना आहे. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेला ठोकताळा प्रसिद्ध आहे: अशा ठिकाणी शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि उरलेला एक जण बहुतेक सगळा मजकूर पुरवतो. पुण्यात यात किंचित सुधारणा करावी लागेल. इथले नव्वद नुसते वाचत नाहीत, वाचून मनातल्या मनात मार्क देतात आणि ते कुणाला कळवत नाहीत. 'लेख बरा होता, पण तिसऱ्या परिच्छेदात घसरला' हे मत तुम्ही बायकोला सांगा, तळजाईच्या टेकडीवर फिरताना मित्राला सांगा. लेखकाला मात्र सांगू नका. शून्य प्रतिसादांचा धागा, म्हणजे तो लेख आणि त्याखालची रिकामी जागा, दुसऱ्या पानावर घसरत जाताना पाहून त्याला आपोआप काय ते कळतं.

आता सर्वांत नाजूक विषय: नवा सदस्य. हा प्राणी हल्ली दुर्मीळ आहे, त्यामुळे दिसताच त्याच्याकडे विशेष लक्ष पुरवायला हवं. समजा, कुणी तेविशीतला मुलगा नोंदणी करतो. आपला पडका वाडा बिल्डरकडे जायच्या आत त्याला एक गोष्ट जाणून घ्यायची असते. तो विचारतो, 'आमच्या आजोबांच्या वाड्यात एक हौद आहे. त्यात कात्रजहून पाणी येत असे, अस आजी म्हणते. हे खरं आहे का?'

पहिला प्रतिसाद तुमचा हवा. 'या विषयावर पूर्वी सविस्तर चर्चा झालेली आहे. कृपया शोध घ्यावा.' दुवा देऊ नका. दुवा दिला तर तो वाचेल, वाचल्यावर आणखी विचारेल आणि मग हे लांबतच जाईल. शोधाची सोय गेली कित्येक वर्षं बंद आहे, हे त्याचं त्याला कळू दे.

दुसरा प्रतिसाद तुमच्या मित्राचा. '"अस" नव्हे, "असं".' बस, एवढाच. पाण्याविषयी चकार शब्द नाही.

तिसऱ्यानं त्याच्या नावावर टिचकी मारून सदस्यकाळ पाहावा. दोन दिवस चार तास! आणि आल्या आल्या थेट पेशवाईला हात? 'हा कोणाचा डुआयडी?', म्हणजे कोणाचा दुसरा, खोटा आयडी, असं विचारून टाकावं. मग पुढचे पस्तीस प्रतिसाद तो २०१३ मध्ये हाकलून दिलेला अमुक आहे की तमुक, यावर. चौथा 'पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे' म्हणेल, पाचवा फक्त '+१' देईल. कशाला, ते विचारायचं नाही. मुलगा तिसऱ्या दिवशी आपला मजकूर पुसून तिथे 'प्रकाटाआ', म्हणजे 'प्रतिसाद काढून टाकला आहे', असं लिहून जाईल. एवढ्या लवकर त्यानं ही परिभाषा उचलली, याचं मला कौतुकच वाटतं.

गंमत म्हणजे ती पूर्वीची चर्चा खरोखरच झालेली असते, आणि झकास झालेली असते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालून शहरातल्या हौदांपर्यंत पाणी कसं आणलं, वाटेत उच्छ्वास, म्हणजे जमिनीवर उघडणारी तोंडं, कशासाठी ठेवले, अमक्या बोळातलं झाकण उघडल्यावर आत काय दिसलं, हे एकेकानं आपापल्या पेठेपुरतं लिहिलेलं असतं. मधेच त्याला नळ म्हणायचं की बोगदा यावर दोघांची जुंपते. अवांतर म्हणून कोणी प्यायची मस्तानी कुठली चांगली हा वाद उकरून काढतो. वर्षभरानं अमेरिकेतून कोणी 'आमच्या वाड्याच्या हौदावर दगडी गोमुख होतं' म्हणून भर घालतो आणि अख्खा धागा पुन्हा वर येतो. कोणी उशिरा बोललं तरी जुनं बोलणं वर येतं, ही या ठिकाणांची जुनी खोड. तिचा बंदोबस्त करायचा तर उत्खनन करणाऱ्याला 'मढी का उकरताय?' एवढं विचारलं की पुरतं.

अशा रीतीनं स्थळ शांत झालं की ते वाचवण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढा. त्याला नाव द्या 'चर्चा वाचवा'. पूर्वी २५६ माणसांतच गट भरायचा, २०२२ पासून १०२४ मावतात, तेव्हा जागेची चिंता नाही. सकाळी सूर्योदय, दुपारी आरोग्य, रात्री इतिहास. मूळ स्थळावर कुणी दोन आठवडे खपून लिहिलेला लेख दिसला, तर तो इथे आणणं हे कर्तव्य समजा. आणताना लेखकाचं नाव तेवढं वाटेत सांडा. खाली 'नावासकट पुढे पाठवायला हरकत नाही' ही ओळ राहू द्या, ती भारदस्त दिसते. २०१८ पासून भारतात एका वेळी पाचच ठिकाणी ढकलता येतं, म्हणून पाच-पाचच्या हप्त्यांत पाठवा. महिन्याभरानं तोच लेख लेखकाला त्याच्या सासूबाईंकडून येईल: 'अज्ञात लेखकाचं अप्रतिम लेखन, जावईबापू, असं काही लिहीत जा.'

गटाचा मोठा फायदा म्हणजे तिथे काहीच साठत नाही. सोमवारी कोणी विचारतं, चांगला प्लंबर आहे का? उत्तर मिळतं. गुरुवारी दुसरा तेच विचारतो, पुन्हा मिळतं. गूगललाही आत डोकावता येत नाही. ज्ञान कसं रोज ताजं!

काही चिकित्सक विचारतील, की मोठ्या कंपन्यांच्या अंगणात मांडलेला संसार टिकतो का. त्यांना इतिहास माहीत नाही. जिओसिटीज २००९ मध्ये गेलं, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला, याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० ला. दर वेळी आपण बिऱ्हाड उचललं, नव्या ठिकाणी गेलो आणि कुणाचंही काही अडलं नाही. फक्त आधी लिहिलेलं सगळं गेलं. उलट मायबोली हे मराठी चर्चास्थळ १९९६ पासून आहे तिथेच आहे, म्हणजे गूगल जन्माला यायच्या आधीपासून. इतकी वर्षं एका जागी बसून राहणाऱ्यावर भरवसा कसा ठेवायचा?

आता कट्टा. चळवळीला प्रत्यक्ष भेटीशिवाय धार येत नाही, म्हणून रविवारी सकाळी मिसळीच्या ठिकाणी जमा. येतो म्हणतील चाळीस, येतील सात, आणि त्यातल्या दोघांना पावच नको असेल. इथे चर्चास्थळाच्या चालकाला जरूर बोलवा. तो दिवसा नोकरी करतो, रात्री बसून रशियन भाषेतल्या गोळ्यांच्या जाहिराती पुसतो आणि सर्व्हरचं भाडं पदरचं भरतो. स्थळ ज्या द्रुपल ७ या संगणकप्रणालीवर उभं आहे, त्याचा अधिकृत आधार जानेवारी २०२५ मध्ये संपला आणि सगळा मजकूर नव्या आवृत्तीत हलवायला हवा, असं तो सांगू लागेल. त्याला मधेच तोडा आणि म्हणा, 'तुम्ही अ‍ॅप काढा.' हा उपाय कशालाही चालतो. अ‍ॅप काढलं की तरुण येतात. कोण काढणार, हा तपशील पुढच्या कट्ट्याला.

वर्गणीचा विषय निघालाच तर तत्त्वाचा मुद्दा काढा: पैसे घेतले की निःपक्षपातीपणा जातो. मग सात मिसळी आणि जादा तर्रीचं बिल चालकाला भरू द्या, तोच यजमान. हाच माणूस शिवीगाळ पुसतो तेव्हा त्याला हुकूमशहा म्हणायचं आणि पुसत नाही तेव्हा कणाहीन, हे एव्हाना तुमच्या अंगवळणी पडलं असेलच. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला या शहरात टिकली, ती नेमकी कशी, याचं मला राहून राहून नवल वाटतं. तिथे सतरंज्या कोणीतरी अंथरतच असणार.

एवढं सगळं करूनही एके दिवशी स्थळ बंद होतंय अशी सूचना झळकेल. तेव्हा मात्र मागे राहू नका, निरोपाच्या धाग्यावर चार ओळी लिहायलाच हव्यात. लिहायला लॉगिन लागेल. पासवर्ड आठवणार नाही. 'पासवर्ड विसरलात?' वर टिचकी मारलीत की दुवा जाईल २००७ साली काढलेल्या रेडिफमेलवर, आणि त्याचा पासवर्ड तर मुळीच आठवणार नाही. तेव्हा चालकाला रात्री साडेअकरा वाजता फोन लावा. तो अजून जागाच असतो.