‘डोंगर होते म्हणून महाराज जिंकले’ असं फॉरवर्ड करणाऱ्यांसाठी

सध्या सोलापुरात ज्याच्या त्याच्या मोबाईलवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडंही आला असेल. प्रतापगडची लढाई म्हणे सह्याद्रीनंच जिंकली. महाराज उंचावर, खान खाली, खानाला मुलूख माहीत नाही, खान पडला तिथं लढाई संपली, आणि हीच गाठ आपल्या पंढरपूरच्या माळावर पडली असती तर निकाल उलटा लागला असता. चांगली शिकलेली माणसं हे पुढं ढकलतायत, ते बघून राहवत नाही म्हणून लिहितोय.

आधी उंचीचं बघू. मोबाईलवर नकाशा उघडा आणि वाईवरनं पार गावापर्यंतचा रस्ता बोटानं चालत जा. मधे महाबळेश्वरचं पठार लागतं, ते साधारण १३५० मीटर उंच, आणि प्रतापगड आहे १०८० मीटरच्या आसपास, म्हणजे खान प्रतापगडापेक्षा उंच जागेवरनं रडतोंडीच्या घाटानं खाली उतरला आणि कोयनेच्या खोऱ्यात पारला तळ टाकून बसला. उंच जागा त्याच्या हातात होती की! ती सोडून तो खाली आला, कारण त्याला खाली आणलं गेलं. महाराज घाबरलेत, वाईला यायला धजत नाहीत, खानानंच जावळीत यावं, हे वकिलाकरवी त्याच्या गळी उतरवलं. ज्या घाटानं फौज उतरली तो घाट घाईत परत चढणं कुणालाच जमणार नव्हतं, आणि दोन्ही बाजूंना किर्र रान. भेटसुद्धा गडावर नाही झाली, गडाखालच्या उतारावर शामियान्यात झाली.

आणि नुसतं रान आणि डोंगर माणसाला वाचवत असतील तर चंद्रराव मोऱ्यांचं काय? जावळी त्यांचीच होती, तेच रान, तेच घाट, पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख. १६५६ च्या जानेवारीत महाराजांनी ती जिंकली. त्यानंतर भोरप्याच्या डोंगरावर मोरोपंतांकडून प्रतापगड बांधून घेतला. डोंगर तर आधीपासून तिथंच उभा होता ना, मोऱ्यांच्या काळातही होता, तिथं किल्ला हवा हे ज्याला दिसलं त्याचं श्रेय डोंगराला कसं द्यायचं?

‘खानाला मुलूख माहीत नव्हता’ हे तर साफ चूक. अफजलखान आधी वाईचा सुभेदार होता, जावळी त्याच्या उंबऱ्यापलीकडं होती. माहिती असूनही फसला, इथंच महाराजांचं मोठेपण आहे.

आता आपल्या माळाचं. विजापुरातनं निघालेला खान तुळजापूर, पंढरपूर करत वाईकडं गेला, आपल्या सोलापूरच्या अंगणातनंच म्हणा ना. देवस्थानांना उपद्रव झाल्याचं बखरीत आलंय, आणि महाराजांनी चिडून मैदानात यावं हाच त्यामागचा डाव होता असं बरेच अभ्यासक मानतात. विचार करा, काय दबाव असेल तो, आपली दैवतं, आपली रयत, आणि रोज नवीन बातमी. तरी महाराज उतरले नाहीत. ऐन पावसाळ्यात राजगड सोडून ते जावळीत आले, सप्टेंबरात राजगडावर सईबाई गेल्या, तरी जागा सोडली नाही. मेसेजवाले म्हणतात मैदानात गाठ पडली असती तर, अहो ती पडू दिली नाही, हाच तर त्या लढाईतला सगळ्यात अवघड हुकूम होता!

खान पडला आणि लढाई संपली, हेही खरं नाही. १० नोव्हेंबर १६५९ ला गडावरनं तोफेचा इशारा झाला आणि मग रानात दबा धरून बसलेले मावळे पारच्या तळावर तुटून पडले, जेधे, बांदल, सगळे. कुणी कुठं थांबायचं, कुठली वाट अडवायची, हे आधीच ठरलेलं. आणि महाराज जिंकून गडावर बसले नाहीत, पुढच्या १८ दिवसांत पन्हाळा घेतला.

त्याच पन्हाळ्यावर १६६० मध्ये सिद्दी जौहरनं वेढा घातला आणि महाराज सुमारे ४ महिने अडकले. किल्ला उंच, मजबूत, तरी सुटका उंचीनं झाली नाही. जुलैच्या पावसात रात्री वेढ्यातनं निघायचा निर्णय आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंनी दिलेला जीव, यानं झाली. १६६५ ला पुरंदर बघा. दिलेरखानानं शेजारचा वज्रगड आधी घेतला, पुरंदरपेक्षा तो ठेंगणाच, पण तिथनं तोफा थेट पुरंदरवर लागू पडल्या. मुरारबाजी पडले आणि शेवटी तहात २३ किल्ले द्यावे लागले. उंचीच सगळं करत असती तर हे झालंच नसतं.

राहिला मैदानात टिकण्याचा प्रश्न, तर १६७२ चं साल्हेर वाचा. साल्हेर हा महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, त्याला मोगलांचा वेढा पडलेला. महाराजांनी प्रतापराव आणि मोरोपंत यांना दोन बाजूंनी पाठवलं आणि गडाखालच्या उघड्या रानात, घोडदळाला घोडदळ भिडून, इखलासखानाच्या फौजेचा पुरता मोड झाला. सूर्यराव काकडे तिथंच पडले. मोगलांना वेढा उठवून जावं लागलं, आणि तेव्हा मराठी फौज डोंगरावर नव्हती, खाली होती.