निषादाविना यमन

जुन्या पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा विषय निघाला की आमच्या पिढीतले पेटीवाले हळवे होतात. "काय सूर होते हो, जर्मन!" सूर म्हणजे पेटीच्या आतल्या, हवेने वाजणाऱ्या पितळी जिभा. महाराष्ट्रातल्या माळ्यांवर इतके जर्मन सूर पडून आहेत की त्या देशाने दुसरं काही बनवलं असेल असं वाटत नाही. आमच्याही पेटीत जर्मन सूरच होते. म्हणजे वडील तसं सांगत, आणि पाहुण्यांच्या चहाबरोबर हमखास सांगत.

मी शिकलो त्याच पेटीवर. खर्ज-नर, म्हणजे खालच्या आणि मधल्या अशा डबल सुरांची. एक पट्टी दाबली की दोन सूर वाजायचे आणि दोघांचं आपसात पटायचं नाही. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. आक्षेप असा, की पेटीत मींड (स्वरावरून स्वरावर घसरत जाणं) नाही, श्रुती (सप्तकातले बावीस सूक्ष्म स्वर) नाहीत, स्वर सगळे ठोकळेबाज. आमची पेटी त्या साहेबांना कुणी ऐकवलीच नाही. बावीसपैकी निदान तीन श्रुती तिच्या एकट्या गंधारात होत्या.

त्यात मधल्या सप्तकातली पांढरी एक, म्हणजे पहिली पांढरी पट्टी, मुकी. मी काळी एकमध्ये गाणारा, म्हणजे माझा सा तिच्या लगतच्या काळ्या पट्टीवर; त्यामुळे सा च्या अगदी खालचा शुद्ध निषाद गायब. यमन राग सुरू होतो नि-रे-ग असा. माझा सुरू व्हायचा भात्याच्या एका सुस्काऱ्याने, मग रे-ग. वरचा नी बरा वाजायचा, पण मी तिथवर पोचेपर्यंत गुरुजी चहाला उठलेले असत. भूपात मध्यम-निषाद लागतच नाहीत, म्हणून भूप माझा लाडका राग झाला. भूपच का, असं कुणी विचारलं तर मी त्याच्या प्रसन्नतेबद्दल बराच वेळ बोलू शकतो.

पावसाळ्यात मात्र भूपसुद्धा वाचत नसे. दमट हवेने पट्टीखालच्या झडपेचं चामडं फुगायचं, झडप नीट बसायची नाही, आणि भाता हलवला रे हलवला की पांढरी पाच आपली आपण वाजत राहायची. काळी एकच्या सा ला पांढरी पाच म्हणजे तीव्र मध्यम. थोडक्यात, निषाद येत नसे आणि मध्यम जात नसे. ऐन जुलैमधल्या एका बैठकीत एका जाणकारांनी माझी पाठ थोपटली. "तुमचा भूप किती अलगद शुद्ध कल्याणाकडे झुकतो!" (त्या रागात उतरताना तीव्र मध्यम डोकावतो.) मी नम्रपणे मान खाली घातली. खाली पेटी होती, ती अजून झुकतच होती.

त्यावर उपाय एकच, पेटी खोक्यात ठेवून आत साठचा पिवळा बल्ब लावायचा. परवा हौसेने पुन्हा करून पाहिलं. हल्लीचे एलईडी उजेड देतात, ऊब देत नाहीत. पेटी रात्रभर झगमगत राहिली आणि सकाळी तितकीच दमट निघाली.

गावोगावच्या कार्यक्रमांना ही पेटी एसटीने जायची. भात्याची कडी तुटलेली. खड्डा आला की भाता आपोआप उघडायचा आणि पांढरी पाच हुंदका द्यायची. घाटात तर हुंदक्यांना खळच नसे. एकदा कंडक्टर लगेजचं तिकीट फाडता फाडता थबकला.

"आत जनावर आहे का?"

"पेटी आहे."

"मग ओरडतंय काय?"

"तीव्र मध्यम," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं आणि आम्हा दोघांना मागच्या सीटवर पाठवलं. गोविंदराव टेंब्यांनी भास्करबुवा बखल्यांसारख्या मोठ्या गवयाला पेटीवरच साथ केली होती, हे त्याला सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मागच्या सीटवर ओठ उघडला तर जीभ चावली जाते.

आता भाची गाणं शिकायला लागली, तेव्हा पेटी माळ्यावरून उतरली आणि दुरुस्तीला गेली. कारागिराने वरचं झाकण काढलं. आतून डांबरगोळ्या, एक वाळकं झुरळ आणि झडप दाबायला मीच कधीतरी घडी करून खोचलेलं एसटीचं तिकीट निघालं. मग त्याने एक सूर काढून उजेडात धरला.

"पालिताण्याचा."

"जर्मन नाही?"

"गुजरात," तो म्हणाला. "चांगला आहे. भाता गळतोय, चामडं सगळं बदलावं लागेल. एवढ्यात थोडे घातले तर नवी येईल."

तो हे चामड्याबद्दल बोलत होता. मी वडिलांचा विचार करत होतो, आणि त्यांच्या शब्दावर जर्मनीचं कौतुक करत चहा पिऊन गेलेल्या पाहुण्यांचा.

पेटी घरी आली ती दृष्ट लागेल अशी. पांढरी एक बोलते, पांढरी पाच विचारल्याशिवाय बोलत नाही, खर्ज-नर एका सुरात नांदतात. भाचीला यमन दाखवायला बसलो. हाताने सवयीने सुस्काऱ्यापुरता वेळ थांबून थेट रिषभ घेतला.

"मामा, तू नी खातोयस," ती म्हणाली.

"आमच्या घराण्यात तो असाच घेतात."

"कुठलं घराणं?" असं म्हणून तिने मोबाईल उघडला.