व्हेक्टर आहे म्हणजे प्लॉटरला चालतं, असं कोणी सांगितलं?

चार तास प्लॉटरचा, म्हणजे फाइलवरून कागदावर पेनने रेघा काढणाऱ्या मशीनचा, पेन चालत होता. चित्र जवळजवळ उतरलं होतं आणि शेवटच्या कोपऱ्यात कागदाला भोक पडलं. निब त्याच रेघेवरून चौथ्यांदा गेली, शाईने भिजलेला कागद सोलवटला, त्याचे तंतू निबेत अडकले आणि पुढची प्रत्येक रेघ फिसकटली. कागद गेला, निब गेली, रात्र गेली.

फाइल देणाऱ्याचं वाक्य काय होतं? "व्हेक्टरच आहे, थेट लाव मशीनला." व्हेक्टर म्हणजे ठिपक्यांऐवजी रेघा-आकारांनी साठवलेलं चित्र, ठीक आहे. पण हे वाक्य परत ऐकलं तर डोकं फिरेल माझं.

अरे, पडद्यावर दिसतं ते चित्र असतं. प्लॉटरला चित्र कळत नाही, त्याला फक्त पाथ, म्हणजे पेनने चालायच्या रेघा, कळतात. या फाइलमध्ये चौकोनांची जाळी होती. प्रत्येक चौकोनाचे दोन आकार, एक रंगासाठी, एक कडेसाठी. शेजारच्याचेही दोन. म्हणजे दोघांमधली सामाईक कड चार वेळा! पडद्यावर चारही रेघा एकमेकींवर तंतोतंत बसतात, म्हणून एकच दिसते. पेन मात्र इमानदारीने चारही काढतो. बनवणाऱ्याने एकदा, फक्त एकदा, आउटलाइन व्ह्यू (रंगाशिवाय नुसत्या रेघा) लावून दोन-चार कडा सरकवून बघितल्या असत्या तर हे कळलं असतं. पण बघायचंच नाही!

आणि ते पांढरे फिल, आकारात भरलेले रंग! मागची रेघ नको असली की वर पांढरा आकार ठेवायचा, झालं काम. प्लॉटरकडे पांढरी शाई नसते हो. फिल तो सोडून देतो आणि झाकलेलं सगळं कागदावर येतं. डोंगरामागचं घर डोंगरातून आरपार. नको तो भाग झाकणाऱ्या क्लिपिंग मास्कचीही हीच गत, कापलंय असं नुसतं दिसतं, पाथ तसाच पूर्ण पडून असतो. प्लॉटरच्या फाइली सुधारणाऱ्या व्हीपाइप प्रोग्रॅमचं ऑकल्ट प्लगइन मागच्या झाकलेल्या रेघा काढून टाकतं, चांगलं आहे ते. पण बंद आकार दिसला की तो अपारदर्शक धरून त्यामागचं सगळं उडवतं, मग जिथे दोन वर्तुळं एकमेकांतून जायला हवी होती तिथे बसा परत जोडत.

मजकुराचं तर बोलायलाच नको. फॉन्ट म्हणजे अक्षराची बाह्यरेषा. पाथमध्ये बदललं की प्रत्येक काना पोकळ, दोन रेघांचा. देवनागरीत त्याहून वाईट, कारण बऱ्याच फॉन्टमध्ये शिरोरेखा पुढच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. युनियन न करता, म्हणजे आकार एकत्र न जोडता पाठवलं तर प्रत्येक जोडावर छोट्या उभ्या चिरा उमटतात. रोमन लिपीसाठी हर्शीचे एकरेघी फॉन्ट 1967 पासून आहेत, त्यात देवनागरी नाही. मग मी एकेक अक्षर मधल्या रेघेने हाताने काढते. आणि वर ऐकायचं, "नुसतं नाव तर टाकायचं होतं!"

मापाची चीड वेगळीच. एक प्रोग्रॅम इंचाला 72 एकक धरतो, दुसरा 96, इंकस्केप या चित्र काढायच्या प्रोग्रॅमच्या 0.92 आधीच्या फाइली 90. 72 ची फाइल 96 वर उघडली की 100 मिमीचा चौकोन 75 मिमीचा होतो. एसव्हीजी या व्हेक्टर फाइलीत रुंदी-उंची मिलिमीटरमध्ये लिहिता येते, त्यात किती एककं बसतात ते सांगणारा व्ह्यूबॉक्स देता येतो. दोन शब्दांचं काम आहे. लिहीत का नाहीत?

रेघांचा क्रम, तुटके तुकडे जोडणं हे व्हीपाइपच्या लाइनमर्ज आणि लाइनसॉर्ट या कमांड निस्तरतात, त्याबद्दल तक्रार नाही. मशीनबद्दलही नाही. ते सांगितलं तेच करतं. माझा राग त्या माणसांवर आहे जे फाइलच्या नावात 'प्लॉटर रेडी' लिहितात आणि स्वतः एकदाही पेन टेकवून बघत नाहीत. ऑटो ट्रेस मारून, म्हणजे फोटोवरून आपोआप पाथ बनवून, एका रेघेच्या दोन कडा पाठवतात आणि त्याला तयार फाइल म्हणतात. त्यांचे दहा मिनिटं वाचतात, माझे दोन दिवस जातात.

आत्ता तीच फाइल उघडून बसलेय. 412 चौकोन आहेत. एकेक जादा कड निवडून डिलीट करतेय. 140 झालेत.