‘महिना फुकट घालवला’ या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर (हेवी मोटार ड्रायव्हिंग स्कूल, कराड)

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की दुसरीकडे आठवड्यात होणाऱ्या कामाला आम्ही महिना लावला, ट्रेलर शिकवला नाही, उस्ताद सगळ्यांसमोर ओरडतात, आणि नोकरी लावतो म्हणून तुम्हाला दुसऱ्या ड्रायव्हरच्या शेजारी नुसतं बसायला पाठवलं. तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. पण फी भरण्याआधी पोरांचे आई-वडील हेच वाचतात आणि माझं घर याच दोन गाड्यांवर चालतं, म्हणून गप्प बसता येत नाही.

महिन्याचं आधी सांगतो. हेवीचं प्रशिक्षण किमान 30 दिवसांचं आणि प्रत्यक्ष गाडी हातात किमान 15 तास, हे मोटार वाहन नियमातच आहे. लर्निंग निघाल्यावर 30 दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची टेस्टही देता येत नाही. मग आठवड्यात फॉर्म 5, म्हणजे शिकल्याचा स्कूलचा दाखला, हातात ठेवणारा तुम्हाला गाडी शिकवत नाही, कागद विकतो. आमच्या रजिस्टरला तुमचे तास तुमच्याच सहीनं आहेत. ट्रेलर आमच्याकडे नाही, दहा टायरच्या गाड्या आहेत, हे पावती फाडण्याआधी सांगितलं होतं. सरकारमान्य मोठ्या केंद्राचा कोर्स हवा असेल तर तो 38 तासांचा, सहा आठवड्यांचा असतो आणि तिथं पास झालं की आरटीओची टेस्ट माफ होते. त्या केंद्राला दोन एकर जागा लागते, ती माझ्याकडे नाही. पुण्यात भोसरीला सीआयआरटी या केंद्रीय रस्ते परिवहन संस्थेत चौकशी करा, असं मीच तुम्हाला म्हणालो होतो. राहायचा खर्च नको म्हणून तुम्ही इथं आलात.

आता जे खरं मनाला लागलं ते. ‘नुसतं बसायला पाठवलं.’

दादा, तुमचा हात चांगला आहे. कराडच्या आरटीओत पहिल्याच टेस्टला पास झालात, त्या दिवशी मला तुमच्याइतकाच आनंद झाला होता. पण तुम्ही शिकलात ती गाडी रिकामी होती. भरलेली दहा टायर म्हणजे साडेअठ्ठावीस टन. ती घेऊन कुंभार्ली घाट उतरायचा तर माथ्यावरच गाडी खालच्या गिअरला टाकावी लागते आणि एक्झॉस्ट ब्रेकवर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर, धरावी लागते. उतारावर गिअर निसटला तर भरलेल्या गाडीत तो पुन्हा पडेलच असं नाही. मग पाय ब्रेकवरच राहतो, ब्रेकचे लायनर तापतात, वास सुटतो, आणि वळणावर ब्रेक धरत नाही. हे मैदानात शिकवता येत नाही. ते जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसूनच डोळ्यात भरतं. आधी तो कुठं गिअर उतरवतो ते बघायचं, मग सपाटीला स्टेअरिंग घ्यायचं, मग चढाला, आणि सगळ्यात शेवटी उताराला.

आणि तिथं बसून बाकीचंही शिकायचं असतं. पहाटे टायरवर पाना मारून आवाजावरून हवा ओळखायची, हवेच्या टाकीतलं पाणी काढायचं, ताडपत्रीचा दोर कुठून कुठं ओढायचा ते बघायचं, आणि 200 किलोमीटरला एक दिवस या हिशेबानं मालासोबतच्या जीएसटीच्या परवान्याची, म्हणजे ई-वे बिलाची, मुदत कधी संपते ते लक्षात ठेवायचं. पहिल्या कामावर पगार किती यापेक्षा शेजारी बसलेला माणूस कोण, हे बघून मी पोरांना पाठवतो. ज्या मालकाकडे तुम्हाला पाठवलं तो पगार कमी देतो, हे खरं आहे. पण भत्ता रोजच्या रोज देतो, आणि झोप आलेल्या ड्रायव्हरला ‘गाडी बाजूला लाव’ म्हणतो. असे मालक फार नाहीत. हे सगळं तुमच्या वडिलांसमोर बोललो होतो.

तुम्ही काही ट्रिपा केल्यात आणि न सांगता काम सोडलंत, तेही माल भरलेली गाडी दारात उभी असताना. माझ्या शब्दावर त्यांनी तुम्हाला घेतलं होतं. त्यानंतर आमच्याकडून पाठवलेल्या पोराला त्यांनी ‘आता नको’ म्हटलं. त्या पोरानं तुमचं काहीच बिघडवलं नव्हतं.

पुढं न्हावाशेव्याला जास्त पगार बघून तुम्ही ट्रेलरवर गेलात, तिथं उचल दिली, मूळ लायसन्स ठेवून घेतलं आणि डिझेल जास्त लागलं म्हणून पगार कापला, हे तुम्हीच लिहिलंय. वाईट वाटलं. पण त्याचा स्टार आमच्या नावावर का? लायसन्स डिजिलॉकरवर दाखवलं तरी चालतं, मूळ कार्ड मालकाला ठेवून घ्यायचं काहीच कारण नाही. उचल घेण्याआधी डिझेल कुठल्या अ‍ॅव्हरेजनं धरणार, ओव्हरलोडचा दंड कोण भरणार आणि घरी सुट्टी कधी, एवढं विचारायचं, हे शेवटच्या दिवशी प्रत्येकाला सांगतो. लायसन्स अजून तिकडंच असेल तर फोन करा, मी स्वतः त्या माणसाशी बोलतो. पैसे मागणार नाही.

काही सूचना पटल्या आहेत. नंबर येईपर्यंत उन्हात थांबावं लागतं, त्याचं काहीतरी करतोय. पावतीवर काय शिकवणार तेही लिहून द्यायचा विचार आहे.

उस्ताद ओरडतात, कारण शिकणारा चुकला तर केबिनमध्ये बसलेल्या सगळ्यांचा जीव त्यांच्या हातात असतो. आयुष्यभर मुंबई-बंगळूर लाइनवर गाडी चालवून या वयात ते पोरांना शिकवतायत. ‘म्हाताऱ्याला काही येत नाही’ हे त्यांच्या नातवानं मोबाइलवर वाचून त्यांना सांगितलं. स्टार एकच ठेवा, माझ्याबद्दल लिहिलंय तेही राहू द्या, पण तेवढी ओळ काढा ही विनंती. रविवार सोडून रोज दहा ते सहा मी ऑफिसात असतो.